डागी माल घरी

४ फेब्रुवारी

दोन पानं! घोड्यांच्या हौदावर दोन पानं लिहिली आहेत गावाच्या माहितीपुस्तकात. कोणी बांधला, कधी गळला, कोणाचं घोडं त्यात पडलं — सगळं साग्रसंगीत. आणि आमच्यावर एक ओळ. 'काचवाल्यांचे घर : जुने, खाजगी, स्टेशन रस्त्यालगत.' संपलं.

ग्रंथपाल म्हणाला, "बाई, याहून जास्त कुठेच काही नाही." असा चेहरा करून म्हणाला की जणू घरानंच काही लपवलंय.

नगरपालिकेचा माणूस भिंतीवर लाल फुली मारून गेला त्याला आठवडा झाला. रस्ता रुंद होणार, आमची अख्खी ओळ जाणार. वारसा यादीत नाव लागलं तरच घर वाचेल. आणि यादीत नाव लागायचं तर घराबद्दल आधी कुणीतरी काहीतरी लिहिलेलं हवं. लिहिलंय कशाबद्दल? हौदाबद्दल.

दादाला फोन केला. "बघू," म्हणाला. माझ्या भावाचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. अल्युमिनियमच्या खिडक्या विकून विकून स्वतःही तसाच झालाय — जिकडे सरकवाल तिकडे सरकतो. घर पाडलं तर त्याचं काय जातंय? त्याचं दुकान बाजारात, त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.

बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

६ फेब्रुवारी

फुली घासून काढायला गेले. गेली नाही. गुलाबी झाली आणि पसरली. आता जास्त दिसते.

१० फेब्रुवारी

वारसा खात्यातून अधिकारी आली. अधिकारी कसली, मी शिकवते त्या शाळेतून चार वर्षांपूर्वी बाहेर पडली असती एवढं वय. भिंतींवर टिचक्या मारल्या, छत बघितलं, म्हणाली, "साधंच आहे हो." माझ्या तोंडाशी आलं होतं — साधं आहे तर हौदात जाऊन बस. गिळलं.

मग जिन्याच्या वळणावर थांबली. आत्याच्या खिडकीपाशी.

थांबली ती हलेचना. खालपासून वरपर्यंत तावदानंच तावदानं ती. एक सरळ नाही. कुणात बुडबुडे, कुणात लाटा, कुणाला हिरवट झाक. तिनं चक्क गाल टेकवला काचेला.

"या कुठून आणल्या?"

"आणल्या नाहीत. मागच्या अंगणात भट्टी होती. आजोबा फुंकायचे, सपाट करायचे."

आणि मग मी तिला भट्टीचा नियम सांगितला. डागी माल गिऱ्हाईकाला द्यायचा नाही. बुडबुडा सापडला, लाट उठली, रंग बिघडला की ते तावदान घरी लावायचं. फोडायचं नाही आणि विकायचं तर नाहीच. गावभर आमची स्वच्छ काच, आणि काचवाल्यांच्या घरात जगातली सगळी वाकडी काच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लहानपणी शाळेतल्या मुली यायच्या आणि हसायच्या — तुमच्या घरातून बाहेर बघितलं की माणसं वितळतात म्हणायच्या.

ती म्हणाली, "अहो, तुमचा तो स्वच्छ माल केव्हाच फुटला. गावात एक तुकडा नाही उरलेला. मी शोधलाय. उरलं ते हेच." मग म्हणाली, "घर या काचांवर उभं आहे. भिंती कुठेही मिळतात."

समिती घेऊन येते म्हणाली.

जाताना खिडकीखालच्या बाकाकडे बोट दाखवलं. मधोमध झिजून खोलगट झालेला. "इथे कोण बसायचं?" आत्याचं सांगितलं. बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. आजोबा गेले, आजी गेली, भट्टी विझली, सगळं हिनं निभावलं. रोज दुपारी या काचा कागदानं पुसायची. काचवाल्यांचं घर टिकलं ते हिच्यामुळे, असं अजून लोक म्हणतात.

"आणि आता तुम्ही," ती म्हणाली.

"आता मी."

"म्हणजे दुसरी आत्याच."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — खूप बरं वाटलं.

बाबा खालच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. चहाला हाक मारली तर आले नाहीत.

१३ फेब्रुवारी

मैत्रिणीचा फोन. दरवर्षी या सुमारास हिला माझी आठवण येते. समुद्राकाठची माझी शाळा, भूगोलाला कोणी टिकत नाही, माझ्या घरची वरची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय, ये. वीस वर्षं मुलांना फळ्यावर समुद्र काढून दाखवतेस, एकदा खरा दाखव की, म्हणाली.

म्हटलं, घर कोण बघणार? बाबांना कोण बघणार? आत्ताच तर जरा आशा दिसतेय.

"तू ना, नाकापेक्षा मोती जड करून बसलीयेस," म्हणाली.

फोन ठेवला. स्वतःचं नाक बघ म्हणावं.

१९ फेब्रुवारी

समितीची तारीख आली. १ मार्च. जेवताना सांगितलं. दादा आणि वहिनीही आले होते. दादा म्हणाला, "अरे वा." वहिनी म्हणाली, "म्हणजे आता या घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागणार?" हो, लागणार! ठोकायलाच नको कुणी.

बाबांनी विचारलं, "किती जण?"

"पाच-सहा."

"खिडकी बघायला?"

"खिडकीच बघायला, बाबा. आजोबांच्या काचा बघायला."

"आणि यादीत नाव लागलं की?"

"की कुणी हात लावू शकत नाही. मी आहे तोवर तर नाहीच."

"हं," म्हणाले. मग मला कपाटातून त्यांचा हिरा काढून द्यायला सांगितला, काच कापायचा. हातात धरून बसले. हात थरथरतो आता, पण हिरा धरला की कमी थरथरतो. म्हटलं बसू दे, म्हाताऱ्या माणसाला जुनं काही आठवलं असेल.

२३ फेब्रुवारी

उद्यापासून परीक्षेच्या कामाला बाहेरगावी. मीच का? कारण बाकीच्यांना संसार आहेत! मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "तुम्हाला काय, सडाफटिंग." घरात म्हातारा बाप आहे आणि दारात समिती आहे, हे धरायचंच नाही.

दादा येऊन बाबांजवळ राहतो म्हणाला. स्वतःहून. नवलच.

२८ फेब्रुवारी

जमेल तसं लिहिते.

दार उघडलं तर काच बसवायच्या ताज्या लांबीचा वास. जवसाच्या तेलाचा. या घरात वाढलेल्या माणसाला तो वास काय सांगतो ते वेगळं सांगायला नको. पिशवी टाकली आणि जिना चढले.

सगळी खिडकी नवी. सगळी. कोरी करकरीत, बाजारातली काच. चौकटीला लांबी अजून मऊ, बोट लावलं तर ठसा उठला. एक बुडबुडा नाही. एक लाट नाही. खिडकीत काही आहे असं वाटतच नव्हतं — नुसतं भोक.

खोल्याखोल्यांतून फिरले. माजघर, ओसरी, बाबांची खोली, माझी. सगळीकडे तेच.

दादा स्वयंपाकघरात चहा करत होता. चहा!

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. चोर म्हणाले. दलाल म्हणाले. म्हटलं, तुला रस्ता हवा होता, मोबदला हवा होता, मग सरळ घण घालायचा होतास. म्हटलं, आजोबांच्या तोंडाला पानं पुसलीस. वहिनीच्या माहेरापर्यंत पोचले. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "बाबांनी सांगितलं म्हणून केलं."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोर घरातल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवतो हे पहिल्यांदाच बघितलं.

"जुन्या कुठे आहेत?"

"गेल्या. कुटून कारखान्याच्या भट्टीला."

हाकलून दिला त्याला. चहा मोरीत ओतला.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी

बाबांनीच सांगितलं होतं. खरंच.

विचारलं तर शांतपणे म्हणाले, "पाहुणे येणार, आणि काचवाल्यांच्या घरात बुडबुडे दाखवायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"बाबा, ते बुडबुडेच बघायला येताहेत!"

"तुला काचेतलं काय कळतं? डाग तो डाग. काल कुणी म्हणालं चांगला म्हणून तो चांगला होत नाही."

साठ वर्षं ज्या माणसानं एक बुडबुडा गिऱ्हाईकाला जाऊ दिला नाही, तो पाच गिऱ्हाइकांसमोर खिडकीभर बुडबुडे कसा ठेवेल? जगात दुसऱ्या कुठल्याही घरात हे झालं नसतं. सुताराच्या नाही, लोहाराच्या नाही. आमच्याच घरात होऊ शकतं हे. उद्या लोक येणार म्हणून यांनी घर आवरलं!

आणि दादा. बाबांचं वय झालं, याचं तर नाही झालं. याला कळत होतं. कळून सवरून कुटल्या यानं काचा. बाबांना एक वेळ माफ करीन. याला नाही.

१ मार्च

आली समिती.

वारसावाली मुलगी पुढे, जिन्याकडे धावतच. तिचा चेहरा बघवला नाही मला. बाकीचे मागून चढले. एका टकल्यानं नव्या काचेवर टकटक केलं, म्हणाला, "घर छान ठेवलंय हं. स्वच्छ आहे."

स्वच्छ आहे!

बाबा धुतलेला सदरा घालून, केस विंचरून खुर्चीत बसले होते. टकल्याला म्हणाले, "माझ्या मुलानं बसवल्यात. एक डाग दाखवा." टकला हसला. सगळे हसले. मला वाटलं आता जिन्यावरून एकेकाला ढकलावं.

निघताना ती मुलगी मागे राहिली. म्हणाली, "एकही तुकडा नाही का उरला? पुन्हा बसवता आल्या तर मी समितीला परत आणीन. महिनाअखेरपर्यंत यादी उघडी आहे." म्हटलं, कुटल्या. तिचे डोळे भरून आले. परक्या मुलीचे! आणि घरचे दोन पुरुष नवी लांबी बघून खूश.

३ मार्च

कुणाशीही बोलले नाही. बाबांचं ताट वाढते, ठेवते, जाते.

७ मार्च

वर्गात एका मुलानं नकाशा उलटा टांगला तर त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. नंतर मधल्या सुट्टीत तोच येऊन विचारतो, "बाई, तुमचं घर पाडणार ना, म्हणून चिडलात?" सगळ्या गावाला माहीत आहे. सगळं गाव हळहळतंय आता. इतकी वर्षं कुणी एक ओळ लिहिली नाही. पाडायची वेळ आली तर ज्याला त्याला लहानपण आठवतंय.

१० मार्च

दादाचे फोन येतात. घेत नाही. कानाला खडा लावलाय.

१४ मार्च, शुक्रवार

वहिनीचा फोन. मी काही म्हणायच्या आत सुरू झाली.

"माझ्या माहेरापर्यंत जाऊन आलात म्हणे परवा. बरं झालं, मलाही कित्येक दिवसांत जायला जमलं नव्हतं. ते जाऊ दे. मला एवढंच सांगा, तुमच्या त्या काचा किती दिवस माझ्या गाद्यांवर झोपणार आहेत?"

"कुठल्या काचा?"

"कुठल्या म्हणजे? पाहुणे आले तर मी सतरंजी घालतेय! घरातल्या झाडून सगळ्या गाद्या दुकानाच्या माळ्यावर. दुलया पण. नवरा रोज जाऊन बघून येतो, ताप आलेल्या पोराला बघावं तसा. मला म्हणतो बोलू नकोस. का बोलू नको? माझी पाठ मोडली."

शाळेतून तशीच दुकानात गेले. दादानं मला बघितलं आणि शिडी लावली.

सगळ्या आहेत. एकूण एक. गादी, काच, दुलई, काच, असे थर. प्रत्येक तावदानावर खडूनं लिहिलेलं — 'जिना, डावी, खालून दुसरी.' 'आत्या, मधली.' दादाचं कोंबडीच्या पायांचं अक्षर. एकाला तडा नाही. सुऱ्यानं जुनी लांबी खरवडून एवढ्या काचा अखंड काढायच्या म्हणजे काय, ते मला कळतं. अल्युमिनियमवाल्याला अजून येतं ते.

"बाबा म्हणाले, फोडून टाक," तो म्हणाला. "शब्द घेतला माझ्याकडून. मी दिला. पण हातोडी उचलवेना गं. आजोबांचा श्वास आहे त्या बुडबुड्यांत."

"मग मला का नाही सांगितलंस? चोर म्हणाले मी तुला!"

"फोडायचा शब्द मोडलाच होता. म्हटलं, निदान गप्प राहायचा तरी पाळावा."

गाढव आहे. माझा भाऊ शुद्ध गाढव आहे. शिडीवर बसून दोघंही रडलो. मग तो म्हणाला, एका दिवसात परत बसवून देतो, तू फक्त त्या मुलीला फोन कर. ऑफिस बंद झालेलं. दोन दिवस सुट्टी. सोमवारी पहिलं काम हेच.

१५ मार्च

सकाळी बाबांना सांगितलं. जिंकल्यासारखं सांगितलं. काचा आहेत, दादानं एक फोडलेली नाही, सोमवारी फोन करते, तुमची ती स्वच्छ खिडकी चार दिवसांची पाहुणी.

मला वाटलं ते चिडतील. ते एकदम थकल्यासारखे झाले.

"त्यानं फोडायला हव्या होत्या," म्हणाले.

"एवढी लाज वाटते तुम्हाला बुडबुड्यांची?"

"लाज?" माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "माझ्या बापाच्या तोंडची हवा आहे ती. त्याची कसली लाज?"

"तुम्हीच तर म्हणालात —"

"म्हणालो. काचवाला असं म्हणाला की लोक पुढे विचारत नाहीत. तूसुद्धा नाही विचारलंस."

मग त्यांनी आत्याचं सांगितलं. इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं. ती शेवटी अंथरुणावर असताना यांनी विचारलं, काही हवंय का. ती म्हणाली, "मला एकदा स्टेशनवर ने. गाडीत नको बसवूस. नुसतं ने." स्टेशन आमच्या रस्त्याच्या टोकाला. चालत जाण्यावर. तोवर तिला उठवतही नव्हतं.

"सगळे म्हणतात हे घर तिनं टिकवलं," बाबा म्हणाले. "तिला कोणी टिकवलं? मी? मी आयती भाकरी खाल्ली तिच्या हातची. आणि परवा ती पोरगी तुला दुसरी आत्या म्हणाली, आणि तू हसलीस. यादीत घर गेलं असतं, आणि घराबरोबर तू."

माझं डोकं फिरलं. आधी फिरलं नव्हतं एवढं फिरलं. म्हटलं, मला विचारायचं होतं!

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही तर नाही! माझं नाही माझं आहे! आत्याला कुणी विचारलं नाही म्हणून मलाही विचारायचं नाही? तिला न विचारता ठेवून घेतलंत, मला न विचारता हाकलताय. तुमच्यात फरक काय पडला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसायला फडकं सापडेना, सदऱ्याला पुसला.

बोलणार नाही त्यांच्याशी. या जन्मात नाही.

१६ मार्च

दुपारी आत्याच्या बाकावर जाऊन बसले. सहज. त्या खळग्यात मी बरोबर बसते, हे आज पहिल्यांदा आवडलं नाही.

नव्या काचेतून बाहेर बघितलं. वाण्याचं दुकान, दवाखान्याची पाटी, वळण, आणि वळणाच्या पुढे स्टेशनचं घड्याळ. काटेसुद्धा दिसतात. या खिडकीतून स्टेशन दिसतं हे मला माहीतच नव्हतं. आत्यालाही नसणार.

पाच वाजेपर्यंत बसले. त्या घड्याळातले पाच.

१७ मार्च, सोमवार

वारसा खात्याचं ऑफिस दहाला उघडतं. दहाला फोन घेऊन बसले. बाबा समोरच्या खुर्चीत, कान इकडे. बोलत नाही मी त्यांच्याशी. राग गेलेला नाही, जाणारही नाही, जिथे जाईन तिथे बरोबर नेणार आहे.

नंबर लावला. पलीकडून तिचा आवाज आला.

"तुझी ती वरची खोली अजून रिकामी आहे का गं?" मी विचारलं.